जेठाने शिकवलेली गाडी

गाडी मागे घसरत होती आणि माझा थोरला मुलगा मला सांगत होता, "माय, तिले सांग, ब्रेक दाब."

तिला म्हणजे माझ्या धाकट्या सुनेला. ती त्याच्या शेजारीच बसून गाडी चालवत होती. दोघांमध्ये हातभरसुद्धा अंतर नव्हतं. मी मागच्या सीटवर, आणि माझ्या डाव्या हाताला माझा धाकटा मुलगा, म्हणजे तिचा नवरा. त्याला नुकतंच धुळ्याहून, डायलिसिसच्या खाटेवरून उठवून आणलेलं. थोरल्याने सांगितलेलं सुनेला ऐकू गेलं होतं, बहिरी नाही ती. पण ती माझ्या तोंडून यायची वाट बघत राहिली. मी म्हणाले, "ब्रेक दाब गं." मग तिने पाय मारला, तो भलत्याच ठिकाणी पडला. इंजिन बोंबललं आणि गाडी आणखी जोरात मागे गेली.

आमच्या गावाबाहेरच्या नाल्यावर फरशी आहे, म्हणजे कठडा नसलेला बुटका पूल. फरशी ओलांडली की गावाकडे चढ लागतो. त्या चढावर गाडी दमली होती आणि आता पाठमोरी फरशीकडे परत निघाली होती. खाली माणूसभर खोल नाला, त्यात दगड आणि गुडघाभर घाण पाणी.

"माय, तिले सांग, हँडब्रेक वढ!"

हँडब्रेक दोघांच्या मध्येच होता. त्याच्यावर सुनेचा पदर पडलेला. थोरल्याने आपले दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून ठेवले होते आणि अंग दाराला चिकटवलं होतं, कारण जेठाचा हात धाकट्या भावाच्या बायकोच्या पदराला लागता कामा नये. चार माणसं मरायला निघाली होती आणि हा पदर सांभाळत होता.

मी म्हणाले, "हँडब्रेक ओढ." म्हणेपर्यंत मागचं डावं चाक फरशीच्या कडेवरून खाली गेलं. गाडी धाडकन बसली, तिरकी झाली, आणि मी धाकट्याच्या अंगावर पडले. त्याच्या डाव्या हातावर पडले.

"माय, उठ," तो म्हणाला. "माझा हात."

मी उठायला गेले तर माझा तळवा ओला होता. रक्त होतं.

आता आम्ही चौघं त्या गाडीत तसे का बसलो होतो, ते सांगते.

धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. का गेल्या ते डॉक्टरांनी सांगितलं, मला समजलं नाही, आणि समजून काही फरकही पडणार नव्हता. सोमवारी आणि गुरुवारी त्याला धुळ्याला नेऊन मशीनला लावावं लागतं. मशीनच्या सुया टोचायला त्याच्या डाव्या हातातली एक नस डॉक्टरांनी ऑपरेशन करून जाड केलेली आहे. ती चालू असली की वर बोट ठेवल्यावर मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. तशी दुसरी नस चार दिवसांत तयार होत नाही. तो हात म्हणजे त्याचा जीव, एवढं मला समजलं.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, हायवेपासून आत. गाडी घरात होती, चालवणारा थोरला. धाकट्यालाही येते, पण एकदा चालवताना चक्कर आली, तेव्हापासून त्याची बंद. थोरल्याला गावात सगळे भाऊ म्हणतात. पांढरे कपडे, खिशाला पेन, आणि दिवसभर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. ते पेन मी लिहिताना कधी बघितलं नाही. भावाला दवाखान्यात नेण्याचं काम त्याला आधी मोठेपणाचं वाटलं. लोक विचारायचे, हा सांगायचा. मग लोकांनी विचारणं सोडलं, तसा त्याला कंटाळा आला. एका गुरुवारी तो कोणाच्या तरी लग्नाला शिंदखेड्याला निघून गेला. फोन उचलला नाही. धाकट्याचं डायलिसिस चुकलं. रात्रीपर्यंत पाय सुजले, दुसऱ्या दिवशी त्याला आडवं होता येईना, श्वास लागला. दुपारी दुसऱ्याची गाडी मिळाली आणि तो वाचला. थोरला संध्याकाळी घरी आला तो जेवणात काय काय होतं ते सांगत आला.

त्या रात्री भांडी घासताना सून माझ्याजवळ म्हणाली, "आत्याबाई, मी गाडी शिकते."

"कोणाकडे?"

"कोणाकडेही. पण शिकते. आता असं परत झालं तर यांचं काय?"

ती रावेरकडची. तिच्या बोलण्याला आमच्याकडे हसतात, आमच्या बोलण्याला तिच्या माहेरी हसत असतील. बोलते कमी. मी थोरल्याजवळ विषय काढला. देवपूरला गाडी शिकवणारे आहेत, दवाखान्याच्या दिवशी तिथेच शिकेल, असं मी म्हणाले.

"अनोळखी माणसाशेजारी आपल्या घरची सून बसणार का?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतील? मी शिकवतो."

मला तेव्हाच हसू आलं होतं. जो तिच्याशी शब्द बोलत नाही, तो शिकवणार.

आमच्या घरात रीत आहे, सून जेठाशी बोलत नाही. त्याच्यासमोर पदर भुवईपर्यंत. त्याला काही सांगायचं तर सासूला सांगायचं, सासू त्याला सांगते. मीही माझ्या जेठाशी कधी बोलले नाही. तो मेला तेव्हा त्याचा आवाज मला चांगला माहीत होता, तोंड माहीत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, बोलून काही मिळालं असतं असा तो माणूस नव्हता. पण ही रीत बैलगाडीच्या वेळची आहे. बैलगाडीत चालते. बैलांना वाट माहीत असते आणि बैलांना जेठ नसतो.

सुनेने मोबाईलवर परीक्षा देऊन शिकाऊ लायसन काढलं. कायद्याने शिकणाऱ्याशेजारी लायसनवाला माणूस लागतो, म्हणून पुढे थोरला. जेठ आणि सून गाडीत एकटे नकोत, म्हणून मागे मी. आयुष्यात सायकलला हात लावला नाही, आणि म्हातारपणी मी गाडी शिकवायला लागले.

शिकवणं असं चालायचं.

"माय, तिले सांग, क्लच सोड."

"क्लच सोड गं."

"हळू सोड म्हना."

"हळू म्हणतोय."

तोवर गाडी तीन उड्या मारून बंद. धाकटा सोबत असला की हसून हसून खोकायचा. तो म्हणायचा, "माय, तू एक ध्वनिक्षेपक लावून घे."

सगळ्यात कहर होता डावीकडचा. शिकवणारा डाव्या हाताला बसतो. डावा आरसा, डावीकडून येणारा रस्ता, डावीकडची म्हैस, हे बघायचं तर मान वळवावी लागते, आणि मान वळवली की समोर जेठाचं तोंड. जेठाच्या तोंडाकडे बघायचं नाही. त्यातून पदर भुवईपर्यंत, म्हणजे घोड्याला झापड बांधल्यासारखं. म्हणून माझी सून अख्खी डावी बाजू सोडून गाडी शिकली. डावी बाजू थोरला मला सांगायचा आणि मी तिला.

"माय, तिले सांग, डाव्या आंगे म्हैस शे."

"डावीकडे म्हैस आहे."

तोपर्यंत म्हैस घरी जाऊन दूध देऊन मोकळी झालेली असायची.

एकदा, अगदी सुरुवातीला, तो "थांब" म्हणाला आणि ती थेट थांबली. माझ्यासाठी न थांबता. समोर शेळ्या होत्या, थांबली नसती तर दोन-तीन गेल्या असत्या. संध्याकाळी हा माझ्यापुढे येऊन बसला. "माय, ती मना शब्द परस्पर झेलस. उद्या तोंडाले तोंड देई. आतेच सांगी ठेव." म्हणजे त्याचा शब्द तिने थेट घ्यायचा नाही, हे मी तिला आत्ताच सांगून ठेवायचं होतं. सुनेने ते दाराआडून ऐकलं. त्या दिवसापासून मी सांगितल्याशिवाय तिने गाडीत बोटसुद्धा हलवलं नाही. मलाही तिचा राग यायचा. नुसती मान हलवायची. मान हलवणारा ड्रायव्हर काय कामाचा?

आणि याने मोबाईलवर फोटो ठेवला. सून स्टिअरिंगवर, तोंडावर पदर, शेजारी हा छाती काढून. खाली लिहिलं की आमच्या घरात सुनांना पुढे जायला मोकळीक आहे. गावाने अंगठे दाखवले. अंगठे दाखवायला काय लागतं.

त्या सोमवारी धुळ्याहून परत येताना हायवेवर थोरल्याने चालवली. गावाच्या फाट्यावर गाडी थांबवली आणि मला म्हणाला, "तिले म्हन, आठून घरलोंग तू चालाड. तेवढाच सराव."

"इथून घरापर्यंत तिने? धाकटा गाडीत आहे," मी म्हणाले. "आज राहू दे."

"एवढासा तर रस्ता शे."

धाकटाही म्हणाला, "चालवू दे माय, मी काय काचेचा आहे का?" सून मागून पुढे गेली, पदर ओढला, बसली. फाट्यापासून फरशीपर्यंत बरी आली. फरशीनंतरच्या चढावर समोरून कापूस वेचून येणाऱ्या बायकांचा ट्रॅक्टर दिसला. तिने वेग कमी केला, गाडी दमली, आणि पुढचं मी सांगितलंच आहे.

रक्ताचं म्हणाल तर धाकट्याची सुई काढून वर लावलेली पट्टी माझ्या वजनाने सरकली होती. त्या नसेचं रक्त ठिबकत नाही, उडतं. नर्सने आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, रक्त आलं तर बोटाने दाबून धरायचं, आणि थांबलं का ते बघायला बोट उचलायचं नाही. मी पदराची घडी ठेवली आणि अंगठा दाबला. गाडी डुगडुगत होती. मला हलता येईना.

थोरला गाडीतून सगळ्यात आधी उतरला. दार उघडून बाहेर उडीच घेतली त्याने. गाडी तिरकी, दार आपोआप मिटलं ते त्याच्या अंगठ्यावर. ओरडला. मग तोच हात काखेत धरून रस्त्यावर उभा राहिला आणि दुसऱ्या हाताने फोन लावायला लागला. कोणाला लावत होता ते मला आजपर्यंत कळलं नाही.

ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीतून बायका उतरल्या. त्यांच्या कामाला रीत आड येत नाही, त्या सरळ येऊन गाडीच्या उजव्या अंगाला लटकल्या, म्हणजे गाडी खाली जाऊ नये. एक जण थोरल्यावर खेकसली, "ओ भाऊ, फोन मांगून कर, आधी गाडी धर!"

दुसरी खिडकीतून माझ्याकडे वाकली. "अक्का, काय व्हयनं?"

"याच्या हाताची नस फुटली."

"दाबी धर. सोडू नको."

"सोडत नाही," मी म्हणाले. मला सांगायला कोणी नको होतं, पण तिने सांगितलं ते बरं वाटलं.

ट्रॅक्टरला साखळी बांधून गाडी पुढून ओढली. चाक कडेवर आपटलं, वर आलं. एकजण म्हणाली, एकशे आठला फोन लावा. लावला. सोनगीरची गाडी दुसरीकडे गेलेली, वेळ लागेल म्हणाले. धाकट्याचे ओठ पांढरे पडायला लागले होते.

थोरल्याला स्टिअरिंग धरता येत नव्हतं, अंगठा वांग्यासारखा झाला होता. तो ट्रॅक्टरवाल्याकडे गेला. "तू चालव रे धुळ्यालोंग."

"अनोळखी गडी चालतो का आता?" मी आतून विचारलं. ट्रॅक्टरवाला जवळ आला, तर त्याच्या तोंडाचा वास माझ्यापर्यंत पोचला. दिवसा ढवळ्या पिऊन बसलेला.

सून एवढा वेळ गाडीतून उतरली नव्हती. स्टिअरिंग धरून समोर बघत होती. मला वाटलं ही गेली कामातून. मग तिने पदर डोक्यावरून काढला, कमरेला खोचला, मान डावीकडे वळवली, आणि खिडकीतून थेट थोरल्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "भाऊ, बसा. आता आत्याबाईंना सांगू नका. मला सांगा."

थोरला माझ्याकडे बघायला लागला, जसा लहानपणी शेजारच्याने मारलं की बघायचा.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हणाले. "बस."

तो बसला.

तिने गाडी चांगली चालवली असं मी म्हणणार नाही. चढावर वर नेऊन वळवली ती कोणाच्या तरी कुंपणाला घासून. फरशीवरून परत जाताना मी डोळे मिटले. हायवेला लागण्याआधी दोनदा बंद पडली. प्रत्येक गिअरला दात खाल्ल्यासारखा आवाज. पण प्रत्येक वळणावर तिने मान डावीकडे वळवली. जेठाचं तोंड बघितलं, त्याच्यापलीकडचा आरसा बघितला, त्याच्यापलीकडचा रस्ता बघितला.

आणि थोरला. त्याला तिला काय म्हणून हाक मारायची हेच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी मारली नव्हती. तो नुसता एकेक शब्द टाकायचा. माझा मुलगा आपल्या भावजयीशी पहिल्यांदा जो शब्द बोलला, तो होता, "ट्रक."

"बघितला," ती म्हणाली.

"कंटेनर. त्याच्या मांगे."

"दिसला."

"आते जाय. जाय, जाय!"

ती गेली. धाकटा माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाला, "माय, आज तुला सुट्टी." त्याचा आवाज इतका बारीक होता की मी अंगठा आणखी दाबला. बोटं बधिर झाली होती. माझी बांगडी त्याच्या कातडीत रुतली होती, ती मला नंतर दिसली.

देवपुरात शिरल्यावर कॉलेजची पोरं सुटलेली. रिक्षा, मोटारसायकली, पाणीपुरीची गाडी. पांझरेच्या पुलावर गर्दीत गाडी बंद पडली आणि मागच्यांनी भोंगे सुरू केले. पुलाच्या तोंडाला थोडा चढ, गाडी मागे सरकायला लागली. तेव्हा थोरल्याने त्याच सुजलेल्या हाताने हँडब्रेक खेचला. तिचा हात आधीच तिथे होता. त्याचा हात तिच्या हातावर पडला. आकाश कोसळलं नाही. गाडी थांबली. तिने चालू केली आणि आम्ही पूल ओलांडला.

दवाखान्यात नर्सने पट्टी काढली, डॉक्टरला हाक मारली, टाके पडले, रक्त चढवलं. डॉक्टरने नसेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. सून समोर उभी, डोक्यावर पदर नाही, हाताला स्टिअरिंगचा काळा डाग.

"आहे," डॉक्टर म्हणाला. "थरथर आहे."

नर्सने मला विचारलं, "कोण बसलं याच्या हातावर?"

"मी पडले."

"आजी, जेवण कमी करा."

मी म्हणाले, करते. केलं नाही.

थोरल्याने गावात सांगितलं, ब्रेक फेल झाला. अजून तेच सांगतो. फरशीवर लटकलेल्या बायकांना सगळं माहीत आहे, पण त्यांना कोण विचारतं? मोबाईलवरचा फोटो त्याने काढून टाकला. आठवडाभर अंगठ्याला एवढी मोठी पट्टी बांधून ओट्यावर बसला आणि भावासाठी आपण काय सोसलं ते सांगत राहिला. ऐकणारे होते. ऐकणारे नेहमी असतात.

घरी बायका बघायला आल्या. चहा पिऊन म्हणाल्या, देवाने वाचवलं. मी म्हणाले, देव गाडीत नव्हता, जागा नव्हती. त्यांना ते आवडलं नाही. एकीने हळूच विचारलं, "सून जेठाशी बोलली म्हणे?" माणूस पांढरा पडून पडलाय आणि हिला ती काळजी. मी तिला दुसरा चहा विचारला नाही.

सुनेला पक्कं लायसन दुसऱ्या वेळी मिळालं. पहिल्या वेळी गाडी मागे घेताना खांबाला लावली. सरावाला तोपर्यंत थोरलाच बसायचा, तोंड पाडून. मी मागे बसणं सोडलं. एकदा त्याने घरात येऊन मला सुरुवात केली, "माय, तिले सांग..." मी म्हणाले, माझे कान दुखतात, तूच सांग. त्याने सांगितलं नाही. घरात ते दोघं अजून बोलत नाहीत. तो आला की ती पदर घेते. गाडीत मात्र बोलतात, रस्त्यापुरतं. मला यातलं काही शहाणपणाचं वाटत नाही, पण त्यांचं ते बघतील.

आता सोमवारी आणि गुरुवारी सून चालवते. थोरला कोणाच्याही लग्नाला जाऊ शकतो, आणि जातो.

त्या दिवशी गाडीत थोरला, सून, धाकटा आणि मी, असे चौघं होतो. चौघंही जिवंत आहोत.